पुढे ढकललेली मुलं

२३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातल्या दहावीच्या मुलांचा भूगोलाचा पेपर होता. कोविडच्या साथीमुळे तो आधी पुढे ढकलला आणि मग रद्दच केला. बाकीच्या विषयांची सरासरी काढून भूगोलाचे गुण देण्यात आले. मुलं सुटली, खूश झाली, असंच तेव्हा सगळे धरून चालले होते. पुढच्या वर्षी तर दहावी-बारावीच्या परीक्षाच झाल्या नाहीत. जुलै २०२१ मध्ये दहावीचा निकाल लागला ९९.९५ टक्के आणि ऑगस्टमध्ये बारावीचा ९९.६३ टक्के. अकरावीच्या प्रवेशासाठी सीईटी होणार म्हणून मुलं तयारीला लागली होती, तर १० ऑगस्टला उच्च न्यायालयाने तीही रद्द केली. घरोघरी काका-मामांनी पेढे खाल्ले आणि खाता खाता विचारलं, "काय, फुकटात पास ना?"

साथीचा तरुणांच्या मनावर काय परिणाम झाला, हा विषय निघाला की आपण भीती, एकटेपणा आणि मोबाइल यांवर बोलून मोकळे होतो. या तिन्ही गोष्टी खऱ्याच आहेत. पण महाविद्यालयात शिकवताना मला त्यांच्याहून जास्त दिसली ती लाज. आपण काहीच पुरं केलेलं नाही, आपलं यश खरं नाही, आपल्या जागी दुसरं कुणी असतं तर त्याने निभावून नेलं असतं, ही भावना. ती विषाणूने दिलेली नाही, आपण मोठ्या माणसांनी दिली आहे, असं माझं ठाम मत आहे.

जुलै २०२० मध्ये राज्यातल्या काही कृषी महाविद्यालयांच्या गुणपत्रिकांवर 'प्रमोटेड कोविड-१९' असा शेरा छापून आला. ओरड झाली, कृषिमंत्र्यांना लक्ष घालावं लागलं. शेरा कागदावर होता म्हणून त्याविरुद्ध ओरड तरी करता आली. जो शेरा वर्गात, मुलाखतीत, लग्नाच्या बैठकीत तोंडी मारला जातो, त्याची तक्रार कुठे करायची? 'कोविड बॅच' म्हणून हिणवलेली ही मुलं आता पदवी घेऊन बाहेर पडताहेत. त्यांच्यातली कितीतरी मुलं अजूनही आपले दहावीचे गुण सांगताना लगेच पुढे जोडतात, "पण ते कोविडमधले आहेत."

मार्च २०२२ मध्ये बोर्डाच्या लेखी परीक्षा पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा मंडळाने मोठ्या पेपरना अर्धा तास वाढवून दिला होता, कारण मुलांची लिहायची सवय गेली होती. त्या वर्षी पर्यवेक्षण करताना पाहिलेलं सांगते. पहिल्याच तासात मुलं पेन खाली ठेवून बोटं चोळत होती. एक मुलगा पाण्यासाठी म्हणून उठला आणि दाराशीच थांबला. त्याच्या कपाळावर घाम होता. "मॅडम, एवढी माणसं एका खोलीत बघून कसंतरी होतंय," असं तो म्हणाला. खोलीत पंचवीसच मुलं होती. त्याला व्हरांड्यात बसवलं, थोड्या वेळाने तो आत आला आणि त्याने पेपर पुरा केला. लिहिणाऱ्या हातासाठी अर्ध्या तासाची सोय झाली होती. मनासाठी अशी काही सोय करायची असते, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुसरा भार अपराधीपणाचा. तुम्ही बाहेर हिंडाल आणि आजी-आजोबांना घरबसल्या आजार द्याल, हे त्या दोन वर्षांत मुलांना रोज ऐकवलं जात होतं. आरोग्याच्या दृष्टीने ते चूक नव्हतं. पण एप्रिल-मे २०२१ मध्ये घराघरांत माणसं गेली, तेव्हा त्या वाक्याचं मुलांच्या मनात काय झालं असेल? क्रिकेट खेळायला गेलो आणि चार दिवसांनी बाबांना ताप आला, असा हिशेब एकट्याने मांडत बसलेली मुलं मी पाहिली आहेत. तो हिशेब कुणी पुसून दिला नाही. दहनाला जाता आलं नाही, दिवस धड झाले नाहीत, भेटायला माणसं आली नाहीत. आपल्याकडे दु:ख वाटून घ्यायची जी काही रीत आहे, ती सगळी त्याच वेळी बंद होती.

माझी एक विद्यार्थिनी ऑनलाइन तासाला वडिलांच्या मोबाइलवरून बसायची. पडद्यावरच्या चौकोनात तिच्याऐवजी वडिलांचं नाव यायचं. वर्गातल्या निम्म्या मुलांचं तसंच होतं. दुसऱ्या लाटेत वडील गेले. तीन आठवड्यांनी ती पुन्हा तासाला आली ती त्याच मोबाइलवरून, त्याच नावाने. हजेरीच्या यादीत ते नाव रोज उपस्थित म्हणून उमटत राहिलं. वर्ष संपेपर्यंत तिने ते बदललं नाही आणि बदल असं मीही तिला म्हटलं नाही. दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे सरकारने पाच लाखांची ठेव ठेवली, ते फार गरजेचं होतं. पण अशा मुलीला कुणी महिन्या-दोन महिन्यांनी गाठून 'झोप लागते का गं?' असं विचारावं, याची तजवीज कुठल्याच योजनेत नव्हती.

आता आकडे. आत्महत्येचं एकच एक कारण नसतं, म्हणून ते जपून वाचायचे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार देशात २०१७ मध्ये ९,९०५ विद्यार्थ्यांनी जीव दिला, २०१८ मध्ये १०,१५९ आणि २०१९ मध्ये १०,३३५. वाढ होतीच, पण वर्षाला दोनशेच्या आसपासची. २०२० मध्ये हा आकडा १२,५२६ झाला, २०२१ मध्ये १३,०८९. त्या वर्षी १,८३४ विद्यार्थी एकट्या महाराष्ट्रातले होते, देशात सर्वाधिक. मला जास्त अस्वस्थ करतो तो २०२२चा आकडा. शाळा-महाविद्यालयं उघडली, मुखपट्ट्या उतरल्या, आपण सुटकेचा नि:श्वास टाकला, आणि तरी तो १३,०४४ होता. साथ ओसरली, पण हा आकडा जुन्या जागी परत गेला नाही.

स्पर्धा परीक्षांच्या मुलांची गोष्ट तर सर्वांच्या डोळ्यांसमोर घडली. आधीच अनेकदा पुढे गेलेली राज्यसेवेची पूर्वपरीक्षा १४ मार्च २०२१ रोजी व्हायची होती. तीन दिवस आधी ती पुन्हा ढकलली आणि पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली. शेवटी ती २१ मार्चला झाली. एका आठवड्यासाठी एवढा संताप कशाला, असं तेव्हा बरेच जण म्हणाले. कॉटबेसिसची खोली, मेसचा डबा, गावाकडून येणारे पैसे आणि वयोमर्यादेची पुढे सरकणारी तारीख एवढं सगळं ज्याच्या डोक्यावर आहे, त्याला तो आठवडा केवढा असतो, हे त्यांना कळायला हवं होतं.

एक गोष्ट मान्य करायला हवी. सगळ्याच मुलांना त्या काळाने मोडलं नाही. शाळेत चिडवली जाणारी काही मुलं घरी सुखात होती. काहींनी शेतात बापाला मदत करताना पहिल्यांदा स्वत:ची किंमत ओळखली. सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले आणि मुलं गल्लीत उभी राहून शिकली. असा एखादा मोठा माणूस ज्याच्या वाट्याला आला, तो बहुधा तरला.

ज्यांच्या वाट्याला तसं कुणी आलं नाही, ती बोलत का नाहीत? २०२१च्या युनिसेफच्या अहवालात याचा अंदाज येतो. मनाच्या त्रासासाठी दुसऱ्याची मदत घेणं चांगलं, असं मानणारे तरुण भारतात ४१ टक्के निघाले. पाहणीतल्या २१ देशांची सरासरी होती ८३ टक्के. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. पण ज्याला बोलणं म्हणजे कमीपणा वाटतो, तो क्रमांक फिरवणार कसा? त्याला रोज दिसणारं, ओळखीचं माणूस लागतं.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या प्रश्नावर मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, ही त्यांतली एक. माझी भीती एवढीच की आपल्याकडे हे पदही तासिका तत्त्वावर भरलं जाईल. तासिका तत्त्वावरचं माणूस परीक्षा संपल्या की जातं आणि जूनमध्ये नवं येतं. ज्या मुलीने जानेवारीत कसंबसं तोंड उघडलं, तिला जूनमध्ये नव्या माणसाला पहिल्यापासून सगळं सांगावं लागेल, आणि ती सांगणार नाही. म्हणून संस्थाचालकांकडे आणि शिक्षण विभागाकडे माझी मागणी आहे: हे पद पूर्ण पगाराचं आणि कायम असू द्या. त्याची खोली प्राचार्यांच्या दालनाशेजारी नको, ग्रंथालयाच्या जिन्याकडे द्या. तिथे कोण कशासाठी चाललंय, याकडे कुणी बघत नाही.