नववीचं गणित, भाग दोन

अप्पा बळवंत चौकातल्या दुकानदाराने पुस्तकं बांधता बांधता विचारलं, "मुलगा की मुलगी?" मी म्हटलं, "मुलगी." साफ खोटं. बालभारतीच्या नववीच्या गणिताचे दोन्ही भाग माझ्यासाठीच होते. वय ४३, भोसरीतल्या टूलरूममध्ये वीस वर्षं काढलेली, आणि हातात संध्याकाळच्या इंजिनिअरिंग पदवीचा प्रवेश, डिप्लोमाच्या जोरावर थेट दुसऱ्या वर्षाला.

आमच्या आधीच्या पिढीला ‘ए.एम.आय.ई.’ची वाट होती. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सच्या त्या परीक्षा लोक पाळ्या सांभाळून, घरी अभ्यास करून द्यायचे. ३१ मे २०१३ नंतर नाव नोंदवणाऱ्यांसाठी तिची पदवीशी असलेली समकक्षता संपली आणि ती वाट बंद झाली. पुढे २०२३मध्ये एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या नियामक संस्थेने नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेतले वर्ग सुरू करायला कॉलेजांना मुभा दिली. तेव्हाची अट अशी होती की किमान वर्षभराचा अनुभव हवा आणि नोकरीचं ठिकाण कॉलेजपासून ५० किलोमीटरच्या आत हवं. दार उघडलं खरं, पण उंबरठा केवढा उंच आहे ते कुणी सांगितलं नाही.

थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्याच्या वाट्याला पहिल्या वर्षाचे गणिताचे पेपर, एम-१, एम-२, येतच नाहीत, एकदम एम-३ समोर. मला भीती होती ती त्यातल्या लाप्लास रूपांतराची. अडलो मात्र भलतीकडेच. वर एक, खाली एस गुणिले (एस अधिक दोन), या अपूर्णांकाचे दोन तुकडे करायचे होते. सरांनी फळ्यावर एका ओळीत केले आणि पुढे गेले. लाप्लासचं तत्त्व मला समजलं होतं. तुकडे करता येत नव्हते. शेजारी बसलेला, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान मुलगा हळूच म्हणाला, "काका, हे शाळेतलंच आहे." ते जास्त लागलं. शाळेतलं होतं म्हणूनच तर येत नव्हतं!

म्हणून नववी. भाग दोनमध्ये त्रिकोणमिती आली आणि मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून राहिलो. साइन म्हणजे कोनासमोरची बाजू भागिले कर्ण. टूलरूममध्ये मी रोज साइन बार लावतो. २०० मिलिमीटरचा बार, १५ अंशांचा कोन हवा असेल तर एका टोकाखाली ५१.७६४ची उंची. त्यासाठी ४०, ९.५, १.२६ आणि १.००४ अशा मापांच्या चार स्लिप, म्हणजे पोलादी मापपट्ट्या, एकमेकींवर सरकवत चिकटवायच्या. हा आकडा मला भिंतीवरच्या तक्त्यातून पाठ होता. बार हा कर्ण आणि स्लिपची थप्पी ही समोरची बाजू, हे वीस वर्षांत एकदाही डोक्यात आलं नव्हतं. नावातच ‘साइन’ होतं, तरीही.

वयामुळे डोकं गंजतं, हे प्रौढ विद्यार्थ्याला सगळेच ऐकवतात. मला ते पटत नाही. कल्पना आम्हाला तरुणांपेक्षा लवकर कळतात, कारण त्यामागची वस्तू आम्ही हाताळलेली असते. आमचा गेलेला असतो तो हात. आयटीआयमध्ये फिटरच्या पोराला सुरुवातीला आठवडेच्या आठवडे नुसती कानस मारायला लावतात. तुकडा सपाट झाला की नाही हे गुण्या लावून उजेडाकडे धरून बघायचं, खालून प्रकाशाची रेघ दिसली की पुन्हा घासायचं. कानस कशी धरावी हे पाच मिनिटांत कळतं, पण हात बसायला महिने लागतात. समीकरणातलं पद बरोबरच्या चिन्हापलीकडे नेणं, घातांकांची वजाबाकी, अपूर्णांकाचा छेद काढणं ही गणितातली कानसच आहे. व्हिडिओ बघून ती येत नाही. एनपीटीईएलची ऑनलाइन व्याख्यानं उत्तम आहेत, मीही ऐकली, बसमध्ये, कानात घालून. दोन महिन्यांनी लक्षात आलं की मी मान डोलावण्यात तरबेज झालो होतो.

मग रोज पहाटे पाऊण तास, पेन्सिल आणि आखीव वही. आधी आठवीचे घातांक, मग नववीचे दोन्ही भाग, नंतर दहावीची वर्गसमीकरणं. इंजिनिअरिंगच्या गणिताचं ग्रेवालचं जाडजूड पुस्तक कपाटावरच राहिलं. ते आधी विकत घेणं ही आम्हा सगळ्यांची चूक, आपण इंजिनिअरिंगला निघालोय हे घरच्यांना दिसावं म्हणून केलेली.

कॉलेजांबद्दल एक तक्रार आहेच. प्रौढांचं स्वागत म्हणून पहिला आठवडा भाषणांत, ओळखपरेडीत जातो. ‘अनुभवाची शिदोरी’ हा शब्द मी तीन वेळा ऐकला. त्या आठवड्यात कुणी आमच्याकडून अपूर्णांकांची शंभर गणितं करून घेतली असती, तर पहिल्या चाचणीनंतर माझ्या बाकावरचे दोघे परत फिरले नसते. दोघेही माझ्याहून चांगले कारागीर.

तुमच्यापैकी कुणाच्या मनात हे असेल, तर हा दिवाळी अंक हातात आहे तेव्हापासून प्रवेशाचे फॉर्म निघेपर्यंत सहा-सात महिने आहेत. आठवीचं पुस्तक आणा. दुकानदाराने विचारलं तर काहीही सांगा.