एलीचें घर आणि आमचें घर

शिलो येथील याजक एली यास आपल्या पुत्रांचें दुर्वर्तन ठाऊक नव्हतें असें नाहीं. त्यानें त्यांस बोल लाविला, परंतु आवरलें नाहीं. आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत पुष्कळ घरीं आज हेंच चाललें आहे. आईबाप कापूस वेचून संध्याकाळीं थकून येतात, मुलाच्या हातीं मोबाईल पाहून चार शब्द रागें भरतात, आणि मग स्वतःचा मोबाईल उघडून बसतात.

इ. स. २०२० च्या मार्चांत शाळा बंद झाल्या, तेव्हां अभ्यासासाठीं तो आम्हींच मुलांच्या हातीं दिला. शाळा उघडल्या, पण तो परत मागण्याचें कोणास सुचलें? त्यांत एक देखावा संपतो न संपतो तोंच दुसरा आपोआप सुरू होतो. पाहणारा जितका वेळ गुंतेल तितकी करणाऱ्यांची कमाई. पंधरा वर्षांच्या पोरानें या चातुर्यापुढें एकट्यानें टिकावें काय?

सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचे वडगांव येथील लोकांनीं २०२२ च्या ऑगस्टांत एक रीत घातली. संध्याकाळीं ७ वाजतां देवळावरील भोंगा वाजे, आणि दीड तास घरोघरचे मोबाईल व दूरदर्शनसंच बंद होत, मोठ्यांचे सुद्धां. देऊळ त्यांचें, पण धडा घेण्यास आम्हांस लाज कसली? त्याच वर्षीं नोव्हेंबरांत यवतमाळ जिल्ह्यांतील बान्सी गांवानें १८ वर्षांखालील मुलांस मोबाईलची बंदी ठरविली. आमच्या मतें वडगांवची रीत बरी, कारण ती बापासही बांधते.

कित्येक उपदेशक बंधु मोबाईल हिसकावून घ्या असें सांगतात. पौलानें इफिसकरांस लिहितांना बापांनीं मुलांस चिडवूं नये अशी ताकीद दिली आहे, ती ते विसरतात. हिसकावलेलें मूल शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन तेंच पाहील, आणि पुढें फसलें तर आम्हांस सांगणारही नाहीं. मोशेनें घरीं बसतांना व वाटेनें चालतांना मुलांशीं बोलण्यास सांगितलें. आमच्या घरीं बोलणेंच उरलें नाहीं, तर मुलानें सोबत कोठें शोधावी?

दिवेलागणीस कुटुंबप्रार्थनेपूर्वीं मोबाईल कोनाड्यांत ठेवा. आधीं बापाचा, मग आईचा, मग मुलाचा. पहिले आठ दिवस कुरकुर होईल. बोलावयास कांहीं न सुचलें, तर आज किती किलो कापूस वेचला तें सांगा, आणि वर्गांत त्याच्या शेजारीं कोण बसतो तें विचारा.