जुन्या लॉरीची न दिसणारी तार

जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं मुंबईंत शिवडी येथें मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. तो १९५४ सालीं बंद झाला. त्या काळची एखादी शेव्हरोले लॉरी कोणाच्या आवारांत उरली असली, तर हौशी मालक ती पुन्हां चालती करूं पाहतो. पत्रा ठोकून घेणें, रंग देणें हीं कामें तो आनंदानें करितो, कारण तीं चार लोकांच्या दृष्टीस पडतात. मग तारांची पाळी येते. येथें आमच्या मतें एक खरा प्रश्न उभा राहतो: जें कोणास दिसणार नाहीं तें नीट करण्यास मनुष्य कितपत बांधलेला आहे?

त्या तारांवर रबराचें वेष्टन असे व त्यावर रोगणांत भिजविलेली सुताची वीण असे. इंजिनाच्या उष्णतेनें व तेलानें रबर कडक होतें, आणि तार वाकवितांच त्याचा भुगा गळतो. (उंदीर सूत सोडीत नाहींत, तें वेगळेंच!) गाडींत विजेची परतीची वाट म्हणजे लोखंडी सांगाडा. म्हणून उघडें तांबें सांगाड्यास टेकलें कीं बॅटरीचा सारा जोर तेथेंच लोटतो आणि तार लाल होते. वाटेंत फ्यूज असेल तर तो वितळून अनर्थ टळतो. पण जुन्या गाड्यांत कित्येक तारा फ्यूजावांचूनच नेलेल्या असत.

अशा तारेवर चिकटपट्टी गुंडाळून "दिवा लागतो ना?" असें म्हणणारे मिस्त्री पुष्कळ. दिवा लागतो खरा. त्या लॉरींत वीज ६ व्होल्टांची असते. ३६ वॉटांच्या दिव्यास १२ व्होल्टांवर ३ अँपिअर पुरतात, तेथें ६ व्होल्टांवर ६ लागतात. यास्तव तार जाड पाहिजे. बारीक तार घातली तर ती तापते व दिवा मंद जळतो.

मालक म्हणेल, "गाडी माझी, जळली तर नुकसान माझें." हें म्हणणें अर्धेंच खरें आहे. रात्रीं घाटांत दिवे गेले, तर समोरून येणाऱ्या बैलगाडीवाल्यानें काय करावें? आंत बसलेल्या हमालानें तारा तपासून पाहिल्या होत्या काय? झिजलेलें टायर पाहून मनुष्य गाडींत बसण्याचें नाकारूं शकतो. पत्र्याआडच्या तारेविषयीं त्यास तेवढीही सोय नाहीं. म्हणून आम्हांस वाटतें कीं जें झांकलेलें आहे त्याचें ऋण उघड्या कामाहून कमी नसून अधिक आहे.

कोणी उलट बाजूनेंही अडून बसतात: मूळ तार काढली तर गाडी मूळची राहिली नाहीं, असें म्हणून तडकलेली तारच जपतात. निर्जीव सुताचा हा आदर जिवंत मनुष्याच्या जिवावर चालतो. तो आम्हांस मान्य नाहीं. नमुन्यासाठीं हातभर तुकडा जपून ठेवावा, तेवढें पुरे. आज आंत प्लास्टिकचें वेष्टन व वर जुन्यासारखी रंगीत सुती वीण अशी तार मिळते. ती वापरणें ही फसवणूक काय? आमच्या मतें नव्हे. त्या रंगांमुळें पुढच्या मिस्त्रीस कोणती तार कोठें जाते हें कळतें. परंतु गाडी विकतांना "तारा मूळच्या आहेत" असें बोलणें, किंवा विचारल्यावर गप्प राहणें, हें मात्र लबाडीच होय.

काम करणारानें प्रथम बॅटरीची केबल सोडावी. प्रत्येक तार काढण्यापूर्वीं तिला चिठ्ठी बांधावी. अर्थिंगच्या जागेवरील रंग व गंज खरवडून चकचकीत लोखंड उघडें करावें. पत्र्याच्या भोंकांतून तार जाते तेथें रबरी कडी बसवावी. शेवटीं सर्व बटणें बंद ठेवून बॅटरी व केबल यांच्यामध्यें एक लहान दिवा जोडून पाहावा. तो पेटला तर वीज कोठें तरी गळत आहे; सारें पुन्हां उघडावें. तो विझलेला राहील तेव्हांच केबल पक्की करावी.