दुसऱ्याच्या पायांचा हिशेब

माणसाने स्वतःच्या कृत्याचा जाब द्यावा, हे कुणालाही पटते. दुसऱ्याच्या कृत्याचा जाब त्याने किती द्यावा, हा प्रश्न मात्र वाटतो तितका सरळ नाही. बापाला मुलाबद्दल विचारतात, शिक्षकाला विद्यार्थ्याबद्दल, मुकादमाला टोळीबद्दल. का विचारतात, आणि कुठपर्यंत विचारावे? हा विचार करताना गेले काही दिवस माझ्यासमोर एका फुटबॉल प्रशिक्षकाचे आयुष्य उभे आहे.

आमच्या बीड जिल्ह्याला फुटबॉलचे वेड नाही. आमचा अभिमान म्हणजे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये त्याचे सुवर्ण अवघ्या 0.05 सेकंदाने हुकले आणि रौप्य मिळाले. त्या निमिषाचा हिशेब सोपा आहे. पाय त्याचे, दम त्याचा, शर्यत त्याची. प्रशिक्षकाचे तसे नसते. तो रेषेबाहेर उभा असतो. पंचांची शिट्टी वाजली की त्याच्या दोन्ही पायांचा काही उपयोग उरत नाही, आणि तरीही निकाल त्याच्याच नावावर चढतो.

खालिद जमील यांचा जन्म 1977 चा, कुवेतमधला. खेळाडू म्हणून त्यांचे दिवस गेले मुंबईत. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया आणि शेवटी मुंबई एफसी असा तो प्रवास. मधल्या फळीत खेळायचे, भारताकडूनही खेळले. दुखापतींनी मात्र पिच्छा सोडला नाही आणि तिशी ओलांडता ओलांडता मैदानातले खेळणे संपले. 2009 साली त्याच मुंबई एफसीची प्रशिक्षकपदाची धुरा त्यांच्याकडे आली. पैशाने लहान असा तो संघ. मोठ्या संघांशी झगडत वरच्या लीगमध्ये टिकून राहायचे, एवढेच त्याचे यश. अशी सात वर्षे गेली. 2016 मध्ये हे नाते तुटले आणि जमील मिझोरामला, ऐझॉल एफसीकडे गेले.

पुढची हकीगत अनेकांना ठाऊक आहे, पण तिचा एक तपशील सहसा कुणी सांगत नाही. ऐझॉल आदल्या हंगामात खालच्या गटात ढकलला गेला होता. गोव्याच्या साळगावकर आणि स्पोर्टिंग या जुन्या संघांनी लीगमधून अंग काढून घेतले, म्हणून त्याला परत जागा मिळाली. मुंबईहून आलेले जयेश राणे, आशुतोष मेहता, सीरियाचा अल अम्ना आणि स्थानिक मिझो पोरे घेऊन जमील यांनी संघ बांधला. 30 एप्रिल 2017 रोजी शिलाँगमध्ये लाजाँगविरुद्ध 1-1 अशी बरोबरी झाली आणि ऐझॉल 37 गुणांनी आय-लीगचा विजेता ठरला. मोहन बागान 36 वर राहिला. ईशान्येकडच्या संघाने देशाची सर्वोच्च लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला गेला.

आता सांगा, या विजयातला जमील यांचा वाटा किती? गोव्याच्या दोन मालकांनी वेगळा निर्णय घेतला असता, तर हाच माणूस, हीच मेहनत, हीच नीयत, आणि कपाटात करंडक नाही. अरबीतली नीयत आणि मराठीतली नियती हे शब्द कानाला इतके जवळचे, पण एक माणसाच्या हातात आणि दुसरी नाही. आपण कौतुक करतो तेव्हा या दोघींची बेमालूम सरमिसळ करतो. दोष देतानाही करतो.

बर्नार्ड विल्यम्स नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने 1976 साली नेमका हा प्रश्न मांडला होता. एका लॉरीचालकाच्या गाडीखाली त्याची काही चूक नसताना मूल येते. आपण त्याची समजूत घालतो, तुझा दोष नाही म्हणतो, आणि ते खरेही असते. पण तो चालक खांदे उडवून ‘माझा काय संबंध?’ म्हणत निघून गेला, तर आपल्यालाच तो माणूस खटकतो. म्हणजे दोष नसतानाही उत्तर देणे लागते, असे काहीतरी आपल्या मनात आहे. दोष आणि जबाबदेही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण जाणतो. फक्त बोलताना विसरतो.

आपल्या परंपरेत हे दोन्ही आहे, आणि मला ते शेजारी शेजारी ठेवून पाहावेसे वाटते. एक हदीस बहुतेकांनी ऐकलेली असते. तुमच्यातला प्रत्येक जण मेंढपाळ आहे आणि प्रत्येकाला त्याच्या कळपाबद्दल विचारले जाईल, असा तिचा आशय. दुसरीकडे कुरआनात पुन्हा पुन्हा बजावले आहे की ओझे वाहणारा कुणीही दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही. वरवर पाहता हा विरोध वाटतो. पण बालाघाटच्या माळावर मेंढ्या राखणाऱ्या धनगराला विचारा. लांडग्याने मेंढी नेली तर लांडग्याचे पाप त्याच्या माथी येत नाही. त्याला विचारले जाते ते एवढेच, की तू कुठे होतास, जागा होतास का, कुत्री कुठे बांधली होतीस? कळपाबद्दल विचारणे म्हणजे त्याच्या राखणीबद्दल विचारणे.

या कसोटीवर जमील यांची पुढची वर्षे पाहिली, तर आपली निकालाची घाई उघडी पडते. जानेवारी 2021 मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडची सूत्रे त्यांच्याकडे मध्येच आली. तिथून साखळीत संघ एकही सामना हरला नाही आणि थेट उपांत्य फेरीत गेला. तेव्हा ते जादूगार ठरले. पुढच्या पूर्ण हंगामात तोच संघ अकरा संघांत दहावा आला. माणूस एका वर्षात अडाणी झाला होता काय?

1 ऑगस्ट 2025 रोजी ते भारताचे प्रशिक्षक झाले. सावियो मदेरा यांच्यानंतर, म्हणजे तेरा वर्षांनी, या पदावर कायमस्वरूपी भारतीय माणूस आला. तेव्हा देशातली सर्वोच्च लीग होणार की नाही याचीच खात्री नव्हती, आणि सराव शिबिरासाठी काही खेळाडू क्लबने सोडले नाहीत. तरी सप्टेंबरमध्ये ताजिकिस्तानात भारताने ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरा क्रमांक मिळवला. स्तुतीचा पूर आला. 14 ऑक्टोबरला मडगावात सिंगापूरकडून 1-2 असा पराभव झाला आणि 2027 च्या आशिया चषकाचे दार बंद झाले. 18 नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशने 1-0 ने हरवले, तेही बावीस वर्षांनी. पूर ओसरला आणि चिखल उरला. पात्रता फेरीच्या पहिल्या दोन सामन्यांत, म्हणजे त्यांच्या नेमणुकीआधीच, भारताने एकच गुण मिळवला होता, हे कुणाच्या लक्षात राहिले नाही.

याचा अर्थ त्यांना काही विचारू नये असा नाही. जरूर विचारावे. मडगावात आघाडी घेतल्यावर ती का टिकली नाही, बदली खेळाडू केव्हा उतरवले, हे प्रश्न राखणीचे आहेत आणि पद स्वीकारणाऱ्याने त्यांना उत्तर दिले पाहिजे. बीड जिल्हा ज्या हैदराबाद संस्थानात होता, तिथलेच एक शाळामास्तर सय्यद अब्दुल रहीम. 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांचा भारतीय संघ पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून 0-2 ने हरला. रहीमसाहेबांनी पुढे डोक्याला टाके पडलेल्या जर्नेलसिंगला बचावातून उचलून आघाडीला खेळवले आणि अंतिम सामन्यात त्याच कोरियाला 2-1 ने हरवले. एक गोल जर्नेलसिंगचाच होता. पुढच्या जूनमध्ये कर्करोगाने ते गेले. पहिल्या सामन्यानंतरच त्यांचा हिशेब मिटवला असता, तर आज आपण त्यांचे नावही घेतले नसते.

आमच्याकडे ही व्यवस्था ऊसतोडीत रोज दिसते. मुकादम कारखान्याकडून उचल घेतो, कोयत्यांना वाटतो आणि टोळी घेऊन निघतो. एखादा कोयता मधूनच पळाला, तर पैसे मुकादमाच्या अंगावर येतात. इथवर ते प्रशिक्षकासारखेच आहे, त्याने ते पत्करलेले असते. पण तो मुकादम पळालेल्याच्या म्हाताऱ्या आईला किंवा भावाला दारात उभे करून वसुली मागतो, तेव्हा गोष्ट पार बदलते. आईने उचल घेतलेली नसते, अंगठाही दिलेला नसतो.

मला खरा प्रश्न इथे दिसतो, आणि तो आपल्या फार जवळचा आहे. ऑक्टोबर 2021 मध्ये दुबईत भारत पाकिस्तानकडून हरला, तेव्हा मोहम्मद शमीच्या गोलंदाजीपेक्षा त्याच्या धर्मावर जास्त बोलले गेले. कर्णधार विराट कोहलीने त्याची बाजू जाहीरपणे घेतली, हे नोंदवलेच पाहिजे. शमीने निदान चेंडू तरी टाकले होते. पण कुठे काही घडले की हॉटेलात, बसस्टँडवर, कॉलेजच्या कट्ट्यावर ‘तुमचे लोक असे का करतात?’ म्हणून ज्यांना विचारले जाते, त्यांनी कोणता चेंडू टाकलेला असतो? आणि आपणही हे करतोच. एका घरातली मुलगी स्वतःच्या मर्जीने लग्न करते आणि मोहल्ला तिच्या चुलत्याशी बोलणे सोडतो.

खालिद जमील यांना ढाक्याबद्दल विचारता येते, कारण तो संघ त्यांनी निवडला आणि करारावर सही केली. बीडच्या कॉलेजात बी.कॉम.ला असलेल्या पोराने कुणाची निवड केलेली नसते. ‘मला काय विचारता?’ असे तो म्हणाला, तर ते उद्धटपणाचे समजू नये. आणि वर्गातल्या कुणी त्याच्या आधीच ते म्हटले, तर त्याला स्वतः म्हणावेच लागणार नाही.