इच्छाशक्तीचे पुजारी आणि सातव्या महिन्यातला हंडा

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस हातात येऊ लागले. डोकं खाजवलं की पुंजका, आणि आठवडाभरात टक्कल. बाया, पोरं, म्हातारे, कुणीच सुटलं नाही. आधी शाम्पूवर संशय गेला, मग खारपाणपट्ट्यातल्या पाण्यावर, मग बुरशीवर. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. बाहेरून आलेल्या त्या गव्हात इथल्या गव्हाच्या सहाशे पट सेलेनियम असल्याचं त्यांचं म्हणणं. त्यावर सरकारी खुलासे झाले, वाद झाले. पण एक गोष्ट कुणाच्याही तोंडून ऐकली नाही, की या लोकांनी केस टिकवण्याची इच्छाशक्ती दाखवली नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी आमच्या जिल्ह्यातल्या एका व्याख्यानमालेत एका वक्त्याने दीड तास हेच सांगितलं, फक्त केसांऐवजी पोटाबद्दल. ‘वजन ही तुमची निवड आहे, आईबापांवर ढकलू नका.’ सभागृहाने टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत बसून काम करणारे बहुसंख्य होते, आणि मध्यंतरात चहाबरोबर कचोरी होती. केसांचं खापर गव्हावर फोडायला तयार असलेला आपला समाज पोटाचं खापर मात्र पोटाच्या मालकावरच फोडतो. हा लेख त्या दीड तासाचा हिशोब आहे.

वक्त्याचा हुकमी पुरावा लंडनच्या बसगाड्यांचा होता. जेरी मॉरिस या डॉक्टरने १९५३ साली दाखवलं, की दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दुमजली बसचे जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. वक्ता इथे थांबला, पण मॉरिस थांबला नाही. तीन वर्षांनी त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बसकर्मचाऱ्यांच्या गणवेशांच्या मापांच्या नोंदी तपासल्या. तरुण वयोगटांतसुद्धा ड्रायव्हरांच्या पँटींचा कमरेचा घेर कंडक्टरांपेक्षा जास्तच होता. म्हणजे स्टिअरिंगने माणसं जाड केली, की मुळातच रुंद असलेली माणसं स्टिअरिंगकडे गेली? आपल्याच निष्कर्षाला शिंप्याच्या टेपने आव्हान देणारा हा संशोधक मला भारी आवडतो. आपल्या वक्त्यांनी त्याचा पहिला निबंध घ्यायचा आणि दुसरा कपाटात ठेवायचा, ही त्यांची निवड. तिला आनुवंशिक म्हणण्याइतका पुरावा माझ्यापाशी नाही.

तेव्हा सुरुवातीला मी जनुकांच्या बाजूने उभा राहतो. क्लोद बूशार यांनी कॅनडात एकसारख्या जुळ्या तरुणांच्या १२ जोड्यांना आठवड्याचे सहा दिवस रोज हजार कॅलरी जादा खाऊ घातल्या. शंभर दिवसांच्या त्या प्रयोगाचे निकाल १९९० साली आले. कुणी चार किलोंनी वाढला, कुणी तेरा. जादाचं ताट सगळ्यांचं सारखंच होतं. पण एका जोडीतली दोन्ही भावंडं बरीचशी सारखीच वाढली. फरक होता तो जोडीजोडीत. पुढे सात देशांतल्या ३७ हजारांवर जुळ्यांच्या जोड्या तपासल्या, तेव्हा व्यायामाची सवयसुद्धा बऱ्याच अंशी रक्तातून येते असं दिसलं. म्हणजे पहाटे पाचला उठून धावणाऱ्याला ज्या निश्चयाचा अभिमान वाटतो, त्यातला अर्धाअधिक वाटा त्याच्या आजोबांचा असू शकतो.

२०२५ साली वजन उतरवणारी आठवड्याला एकदा घ्यायची इंजेक्शनं भारतात आली, मार्चमध्ये माउंजारो आणि जूनमध्ये वेगोवी. ती घेणारे सांगतात की ताटावरची वासनाच कमी होते. एका सुईने जिचा आवाज बसतो, ती भूक चारित्र्याचा दोष कशी? इच्छाशक्तीच्या पुजाऱ्यांनी या प्रश्नावर एक व्याख्यान द्यावं, मी पहिल्या रांगेत बसेन.

आता इथवर आल्यावर मलाच जरा अस्वस्थ वाटू लागतं. ‘रक्तातच आहे’ हे वाक्य या देशात पोटापुरतं राहत नाही. बुद्धी रक्तात, कष्ट रक्तात, घाण उपसणंही रक्तात, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकलं आहे. इरावती कर्वे बर्लिनला पीएच.डी.साठी गेल्या, तेव्हा त्यांचे मार्गदर्शक होते वंशशास्त्री ऑयगेन फिशर. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंमधल्या फरकाचा संबंध वंशाशी लागतो, असा फिशरांचा सिद्धान्त. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि संबंध लागत नसल्याचं लिहून दिलं. परक्या देशात, गुरूच्या तोंडावर. त्यांच्या वारसांनी आज नातवाची लाळ डबीत भरून ‘याला कुठला खेळ झेपेल’ असा अहवाल मागवावा, हे काही शोभत नाही. आळशाला जनुकांची ढाल मिळते, कुलाभिमान्याला जनुकांचं पदक मिळतं, आणि दोघांनाही आवडणारं शास्त्र जरा तपासूनच घ्यावं.

म्हणून मी माझ्या आवडत्या माणसाकडे वळतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक. त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा एक शेजारी-शेजारी उभा फोटो ‘लॅन्सेट’ने २००४ साली छापला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी एक, २२.३. काट्यावर दोघं सारखेच सडपातळ. अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. स्वतःचंच शरीर पुरावा म्हणून मांडणारा हा विनोद जगभरच्या मधुमेहतज्ज्ञांना पाठ आहे. आपल्या व्याख्यानमालांपर्यंत मात्र तो अजून पोचलेला नाही, कारण तिथे अजून काटाच न्यायाधीश आहे.

पण फोटोपेक्षा मोलाचं काम त्याआधीचं. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत याज्ञिकांच्या चमूने बायकांची नोंद सुरू केली, ती गरोदरपणाच्याही आधीपासून. बाळं जन्मली ती सरासरी २.७ किलोंची. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोंची. आपली बाळं वजनाने लहान, स्नायूंनी लहान, पोटातल्या अवयवांनी लहान. चरबी मात्र त्यांनी जवळजवळ तेवढीच राखलेली. बारीक बाळ, आतून जाड. पुढे चाळिशीत ज्या मधुमेहाबद्दल ‘फिरायला जात जा’ असं बजावलं जातं, त्याची बैठक जन्माच्या दिवशीच घातलेली असते. ते बाळ काही कचोरी खात नव्हतं. आणि हे निव्वळ जनुकांचंही काम नाही, कारण आईच्या आहारानुसार, तिच्या अंगातल्या बी-१२ सारख्या जीवनसत्त्वानुसार बाळाच्या शरीराचा घाट बदलताना या अभ्यासात दिसला.

याच गावांतल्या मातांवर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या शोभा राव आणि सहकाऱ्यांचा एक निबंध २००३ साली आला. त्याची प्रसिद्धी फारशी झाली नाही. त्यांनी गरोदर बायकांची हालचाल मोजली. ही हालचाल म्हणजे शेतातली कामं, विहिरीवरून पाणी आणणं, धुणं, घरकाम. ज्या बायका जास्त राबत होत्या, त्यांची बाळं जन्मतः लहान होती.

इथे वक्त्याचा दीड तास माझ्यापुरता संपला. ‘शारीरिक हालचाल’ हे आपण सरसकट पुण्य समजून बसलो आहोत. सोसायटीच्या बागेत बूट घालून दहा हजार पावलं मोजणारा माणूस आणि सातव्या महिन्यात डोक्यावर हंडा घेऊन बांध उतरणारी बाई, या दोघांच्या पावलांना शास्त्र एकच नाव देतं. त्याची पावलं त्याची साखर उतरवतात. तिची पावलं तिच्या पोटातल्या लेकराचं वजन उतरवतात. त्याने निवड केली आहे. तिला कुणी विचारलंही नाही. आणि तीस-चाळीस वर्षांनी तेच लेकरू तालुक्याच्या गावी दुकानात बसू लागलं, पोटाचा घेर वाढला, की त्याच सभागृहात त्याला ऐकवलं जाणार की आईबापांवर ढकलू नकोस.

संग्रामपूर, जळगाव जामोदकडे गेलं की सातपुड्याच्या पायथ्याशी हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. भूगर्भातलं पाणी खारं, गोडं पाणी लांब, आणि आणायचं ते बाईनेच. निंदण, सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी, सगळीकडे वाकलेली पाठ तिचीच. तिला व्यायामाचा सल्ला देऊन पाहा. ‘मले कायले पायजे तुमचा व्यायाम,’ असं ती म्हणेल, आणि वर तुमच्याकडे जरा दयेने बघेल.

वक्त्याला एवढं द्यायला मी तयार आहे: निवड शून्य नाही. २००७ साली सापडलेला एफटीओ नावाच्या जनुकाचं एक रूप लठ्ठपणाकडे झुकवतं. दोन्ही प्रती त्याच रूपाच्या असल्या तर सरासरी तीनेक किलो वजन जास्त भरतं. दोन लाखांवर माणसांच्या माहितीतून २०११ साली दिसलं, की हालचाल करणाऱ्यांत या जनुकामुळे येणारा लठ्ठपणाचा धोका सत्तावीसेक टक्क्यांनी बोथट होतो. माझा अनुभवही हेच सांगतो. शेगावहून पंढरपूरला पायी निघालेल्या पालखीत सगळ्या आकारांची माणसं असतात. महिनाभर चालूनही जाड माणूस बहुधा जाडच परततो, पण तो जिना चढताना धापा टाकत नाही. हा लाभ थोडा नव्हे. फक्त तो सत्तावीस टक्क्यांचा आहे, शंभराचा नाही, आणि ज्याला चालायला मोकळी सकाळ मिळते त्याचाच आहे.

तेव्हा जनुक की निवड, हा वाद मला सुखवस्तू माणसांचा घरगुती वाद वाटू लागला आहे. दोन्ही बाजूंचा नायक एकच, स्वतःचं पोट न्याहाळणारा प्रौढ माणूस. त्याच्या आईला त्यात जागा नाही. तिला जागा दिली की प्रश्नच वेगळे होतात: गावात नळ किती दिवसांआड येतो, रेशनच्या पोत्यात काय आहे, डाळ आणि दूध तिच्या ताटापर्यंत पोचतं का. केंद्राच्या मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी पाच हजार रुपये मिळतात, तेही हप्त्यांनी. ऐन सोंगणीत सातवा महिना लागलेल्या मजूर बाईने त्या पैशांत किती दिवसांची मजुरी बुडवावी, हे गणित पुढच्या व्याख्यानाआधी वक्त्याने एकदा मांडून पाहावं. हवं तर मध्यंतरातल्या कचोरीचा खर्च त्यातून वजा करून.