छापखान्यातलं जुनं विंडोज जपताना

चि. बाळ,


तुझं पत्र मिळालं. छापखान्यातल्या जुन्या संगणकाचा मदरबोर्ड कुरकुरतोय, सुटे भाग बाजारात मिळत नाहीत, आणि पेजमेकर, श्री-लिपी व आजवरचे सगळे अंक त्याच एका डिस्कवर आहेत. म्हणून त्यातलं विंडोज एक्सपी उचलून लिनक्सवर व्हीएममध्ये, म्हणजे आभासी संगणकात, चालवायचं तू ठरवलं आहेस. निर्णय योग्य आहे. फक्त एक गोष्ट मनाशी पक्की कर. व्हीएम जुनी व्यवस्था जशीच्या तशी टिकवते, तिच्या दुखण्यांसकट. तुला त्यातून वेळ मिळेल, सुटका मिळणार नाही. पुढचा सल्ला याच हिशेबाने वाच.

आधी आत काय चालतं ते थोडक्यात. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, केव्हीएम आहे. अवी किविटी या अभियंत्याने सुरू केलेलं हे काम फेब्रुवारी २००७ मध्ये, २.६.२० या आवृत्तीबरोबर, कर्नलमध्ये आलं. आतल्या विंडोजच्या सूचना थेट खऱ्या प्रोसेसरवर सुरक्षितपणे चालवणं हे त्याचं काम. बाकीचा संगणक, म्हणजे डिस्कचा कंट्रोलर, नेटवर्क कार्ड, ग्राफिक्स, हे सगळं क्यूएमू हा प्रोग्राम उभं करतो. तो फाब्रिस बेलार याने २००३ मध्ये आणला. तुझ्या कामाची गोष्ट अशी की क्यूएमू जे चिपसेट उभे करतो त्यांतला एक इंटेलचा १९९६ सालचा ४४०एफएक्स आहे. २००१ च्या एक्सपीला तो चांगला ओळखीचा आहे. तेव्हा व्हीएम तयार करताना केवळ नवा दिसतो म्हणून क्यू३५ हा चिपसेट निवडू नकोस. त्यातली एएचसीआय डिस्क एक्सपीला मुळात ओळखताच येत नाही.

तू प्रॉक्समॉक्सबद्दल विचारलं आहेस. व्हिएन्नातल्या कंपनीची ही व्यवस्था डेबियनवर उभी आहे, मुक्त स्रोत आहे आणि उत्तम आहे. पण ती सर्व्हरसाठी आहे. यजमान संगणक कोपऱ्यात ठेवायचा आणि दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमधून चालवायचा, असा तिचा घाट. तुमच्याकडे एकच डीटीपी ऑपरेटर, एकच खुर्ची. तिथे साधं डेबियन आणि व्हीएम चालवायचा व्हर्ट-मॅनेजर हा प्रोग्राम पुरे. ऑपरेटर त्याच संगणकासमोर बसेल, एक्सपीची खिडकी पूर्ण पडदा व्यापेल, आणि त्याच्या हाताला फरक जाणवणार नाही. उद्या हिशेबाचं टॅली आणि आणखी दोन यंत्रं एकाच ठिकाणी आणायची झाली तर प्रॉक्समॉक्सचा विचार कर. केव्हीएम आणि क्यूएमू दोन्हीकडे तेच असल्यामुळे डिस्कची फाइल तिकडे नेता येईल.

आता प्रत काढण्याचं काम. सगळ्यात जास्त वेळ इथे दे. जुनी डिस्क बाहेर काढ, यूएसबी अडॅप्टरने लिनक्सला जोड आणि डीडीरेस्क्यूने पूर्ण प्रतिमा घे. साध्या कॉपीपेक्षा ते बरं, कारण खराब सेक्टरपाशी ते अडून बसत नाही. आधी वाचता येईल तेवढं उचलतं, मग उरलेल्या जागी परत जातं. काय राहिलं याची नोंद ठेवतं, त्यामुळे मध्येच वीज गेली तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. ही प्रतिमा आली की ती फक्त वाचण्यापुरती ठेव आणि तिच्यावर आधारलेली एक क्यूकाऊ२ फाइल बनव. व्हीएम ती वरची फाइल वापरेल, सगळे बदल तिच्यात साठतील, मूळ प्रत अस्पर्श राहील. प्रयोग फसला तर वरची फाइल टाकून दे आणि नवी घे. मात्र तळाच्या फाइलला कुणी हात लावला तर वरची निकामी होते, हे विसरू नकोस. सगळं स्थिर झालं की दोन्ही मिळून एक स्वतंत्र फाइल कर.

पहिल्यांदा चालू करशील तेव्हा निळा पडदा आणि शेवटी ७बी असलेला आकडा दिसण्याची शक्यता बरीच आहे. घाबरू नकोस. डिस्क शाबूत आहे. एक्सपीला फक्त जुन्या मदरबोर्डचा आयडीई ड्रायव्हर ठाऊक आहे आणि समोर वेगळाच कंट्रोलर आला आहे. पहिली प्रत हातात आल्यावर डिस्क जुन्या यंत्राला परत लाव, डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन आयडीईसाठी विंडोजचा साधा, सर्वसामान्य ड्रायव्हर निवड, संगणक बंद कर आणि दुसरी प्रत घे. जुनं यंत्र तोवर उठेनासं झालं, तर एक्सपीच्या सीडीवरून दुरुस्तीचं इन्स्टॉलेशन करता येतं. आणखी दोन बारीक गोष्टी. मूळ यंत्राचा प्रोसेसर एका गाभ्याचा होता, म्हणून व्हीएमलाही प्रोसेसरचा एकच गाभा दे. मेमरी एक जीबी भरपूर झाली. दुसरं, विंडोज घड्याळात स्थानिक वेळ आहे असं धरून चालतं आणि व्हीएमचं घड्याळ यूटीसीवर असू शकतं. एक्सपी साडेपाच तास मागे दिसलं तर सेटिंगमध्ये घड्याळ स्थानिक वेळेवर टाक.

खरी कसोटी श्री-लिपीच्या लॉकची, म्हणजे ती चालण्यासाठी पोर्टला लावून ठेवाव्या लागणाऱ्या उपकरणाची आहे. यूएसबीचं लॉक असेल तर काम सोपं. व्हर्ट-मॅनेजरमध्ये ते उपकरण व्हीएमला थेट देता येतं, मग लिनक्स त्यात पडत नाही. समांतर पोर्टचं जुनं लॉक असेल तर नव्या संगणकाला ते पोर्टच नसतं. तेव्हा सॉफ्टवेअर देणाऱ्याला विचारून लॉक बदलून घेणं हाच सरळ मार्ग. लॉक फोडणारे प्रोग्राम कुणी देऊ केले तरी घेऊ नकोस. ते बेकायदा तर आहेतच, वर त्यांच्याबरोबर आणखी काय आत येईल सांगता येत नाही. आणि हे ध्यानात घे की डिस्कच्या तू दहा प्रती काढू शकशील, पण या बोटभर लॉकची एकही निघणार नाही. ते संगणकाच्या मागच्या पोर्टला लाव, जिथे येताजाता कुणाचा धक्का लागणार नाही.

परवान्याचाही प्रश्न आहे. हार्डवेअर बदललेलं दिसलं की एक्सपी पुन्हा सक्रिय करायला सांगू शकतं. संगणकाबरोबर आलेला ओईएम परवाना त्या संगणकापुरता असतो, वेगळा विकत घेतलेला हलवता येतो. भाऊजींच्या कपाटातली बिलं आधी काढून बघ.

नेटवर्कच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. एक्सपीला सुरक्षेचे नियमित अपडेट ८ एप्रिल २०१४ पासून बंद झाले. फायली वाटून घ्यायची एसएमबीची फक्त पहिली आवृत्ती त्याला येते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय जगभर पसरलं ते त्याच आवृत्तीच्या छिद्रातून, आणि लिनक्सवर फायली वाटून देणाऱ्या सांबाने २०१९ पासून ती आवृत्ती मुळातच बंद ठेवली आहे. त्यामुळे एक्सपीला इंटरनेट द्यायचं नाही, छापखान्याचं वायफायही नाही. व्हर्ट-मॅनेजरमध्ये आयसोलेटेड नावाचं नेटवर्क असतं. त्यात व्हीएम फक्त यजमान लिनक्सशी बोलते, बाहेर जाऊ शकत नाही. तयार पानं तेवढ्या वाटेने बाहेर आण आणि ईमेल, व्हॉट्सअॅप, ग्राहकांचे पेन ड्राइव्ह हे सगळं लिनक्सच्या बाजूला हाताळ. ऑपरेटर कुरकुर करेल. ऐकू नकोस.

स्नॅपशॉट आणि बॅकअप यांत गल्लत करू नकोस. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर राहतो. काही बदलण्यापूर्वी घ्यायला छान, पण डिस्क गेली की तोही गेला. बॅकअप म्हणजे एक्सपी रीतसर बंद करून फाइलची प्रत वेगळ्या डिस्कवर, आणि ती डिस्क छापखान्याबाहेर, घरी. फाइलबरोबर व्हीएमची एक्सएमएल व्याख्याही ठेव. कोणतं हार्डवेअर दिलं होतं ते तिच्यात लिहिलेलं असतं. मग एके दिवशी तुझ्या लॅपटॉपवर ती प्रत चालवून बघ. लॅपटॉप कोणत्याही कंपनीचा असो, आतल्या एक्सपीला तेच जुनं ४४०एफएक्स दिसेल आणि ते उठेल. ज्या बॅकअपमधून कधी काही परत आणलंच नाही त्याच्यावर भरवसा ठेवू नकोस.

हे सगळं जमलं की मिळालेला वेळ कशावर खर्च करायचा? मजकूर सोडवण्यावर. श्री-लिपीच्या जुन्या फाँटमध्ये देवनागरी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली आहेत. फाँट काढला की ‘संपादकीय’ची चिन्हांची खिचडी होते, शोधायला गेलं तर एक शब्द सापडत नाही. म्हणजे हे अंक आज त्या एका व्हीएममध्येच वाचता येतात. प्रत्येक अंकाची आधी पीडीएफ काढ, ती निदान डोळ्यांनी वाचता येईल. मग थोडाथोडा मजकूर युनिकोडमध्ये आण. कन्व्हर्टर बरंच काम करतो, पण मुद्रितशोधन माणसानेच करायचं. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवली जाते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं उलटं. चुका नेमक्या इथे आणि जोडाक्षरांत राहतात. नवे लेख मात्र आजपासूनच युनिकोडमध्ये घ्यायला लाग, म्हणजे ढीग वाढायचा थांबेल.

गणपती उठले की दिवाळी अंकाचं काम अंगावर येतं, तेव्हा यंत्राला हात लावायचा नाही. स्थलांतर आषाढातच उरक आणि एखादा छोटा अंक व्हीएमवरून छापायला पाठव. तोवर जुना संगणक तसाच उभा राहू दे, त्याची डिस्क पुसू नकोस. एक्सपी शेवटचं बंद कधी करायचं तेही भाऊजींशी बोलून आत्ताच ठरवा आणि कॅलेंडरवर लिहा. तारीख नसली की अशी व्यवस्था आणखी दहा वर्षं चालत राहते, आणि ज्याला तिची माहिती असते तो ऑपरेटर निवृत्त होतो.

ताईला व भाऊजींना नमस्कार.

तुझा,
मामा

ता. क. नव्या संगणकाच्या बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे ना ते आधी बघ. इंटेलवर त्याचं नाव व्हीटी-एक्स, एएमडीवर एसव्हीएम. पुष्कळदा ते बंदच असतं, आणि तसंच राहिलं तर केव्हीएमऐवजी सगळा भार एकट्या क्यूएमूवर पडतो. मग पेजमेकर इतकं रखडेल की ऑपरेटर जुन्या यंत्राकडे परत जाईल.