खरचटलेल्या गुडघ्यांचा प्रश्न

गडचिरोलीकडील आश्रमशाळांच्या क्रीडास्पर्धांत अनवाणी खेळणाऱ्या मुलामुलींचे गुडघे व कोपरे पाहिली, तर जुनी खपली आणि तिच्या शेजारी नवा ओरखडा असे दृश्य पुष्कळदा आढळते. मुरमाड जमिनीवर कबड्डी किंवा खो-खो खेळताना सूर मारला म्हणजे कातडी सोलवटावयाचीच. आणि त्यावर पंच, शिक्षक, पालक या सर्वांचे उत्तर ठरलेले असते : खेळ म्हटला की लागावयाचेच! हे उत्तर नीतिदृष्ट्या कितपत टिकते, एवढेच आम्हास येथे पाहावयाचे आहे.

त्यात काही तथ्य आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. चढाई करणाऱ्यास पकडणारे खाली पाडणार, आणि पाठलाग करणारा गडी सूर मारून जमिनीवर आदळणार. या धडपडीतच त्या खेळांचा रस आहे, व ज्यास ती नको त्याने बुद्धिबळे खुशाल मांडावीत. खेळाडू आपण होऊन मैदानात उतरतो, म्हणजे दुखापतीस संमती देतो. पण नेमकी कशास? प्रतिपक्षाच्या बळास आणि स्वतःच्या धाडसास. मैदानातील खडा कोणी वेचला नाही, यासही त्याने संमती दिली असे म्हणता येईल काय? तो खडा खेळाच्या कोणत्याही नियमात बसत नाही. अडचण अशी की, खेळातली जखम आणि हयगयीतली जखम कातडीवर सारखीच दिसते, आणि ज्यांच्याकडे मैदानाची जबाबदारी असते त्यांस हे साम्य फार सोयीचे पडते. शिवाय वसतिगृहात राहणाऱ्या अकरा वर्षांच्या पोरास 'नाही' म्हणण्याची मुभा कितीशी असते? त्याच्या संमतीस प्रौढाच्या संमतीचे मोल देणे आम्हास तरी प्रशस्त वाटत नाही.

याउपर परंपरेचा आधार घेणारे कित्येक सद्गृहस्थ आहेत. आमचे पूर्वज मातीतच घडले, असे ते अभिमानाने सांगतात. घडले खरे, परंतु कोणत्या मातीत? कोल्हापूरच्या तालमीतील हौदाची लाल माती चाळून घेतलेली असते. तीत तेल, ताक, लिंबू, हळद मुरवितात, आणि कुस्तीपूर्वी ती खणून भुसभुशीत करितात. १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविणाऱ्या खाशाबा जाधवांची मेहनत अशाच मातीतली. ती माती म्हणजे पहिलवानाच्या कातडीची रोजच्या रोज घेतलेली काळजी होय. आज परंपरेच्या नावाने जिचा गौरव होतो ती बहुधा केवळ न राखलेली जमीन असते.

मग मातीऐवजी कृत्रिम पृष्ठभाग घातला म्हणजे प्रश्न मिटला काय? मोठे कबड्डीसामने आता मॅटवर होतात. हॉकी तर १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासूनच गवत सोडून गेली. पण घसरताना कृत्रिम गवतही कातडी भाजल्यासारखी सोलून काढते. अमेरिकेत सेंट लुइस रॅम्स या फुटबॉल-संघातील ५ खेळाडूंस २००३ साली नेहमीच्या औषधांस न जुमानणाऱ्या जंतूंची बाधा झाली, ती अशा सोलवटलेल्या जागीच. २०१५ च्या महिला विश्वचषकाचे सामने कॅनडात कृत्रिम मैदानांवर ठरले, तेव्हा अनेक देशांच्या नामांकित खेळाडूंनी २०१४ साली ओंटारिओच्या मानवाधिकार न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. पुरुषांस गवत आणि आम्हास हे का, असा त्यांचा सवाल होता. जानेवारी २०१५ मध्ये ती तक्रार मागे घ्यावी लागली व सामने त्याच मैदानांवर झाले. मैदान ठरविणारे एक, आणि त्यावर पडणारे दुसरे. ज्यांच्या नावास जगभर वजन होते त्यांची ही गत, तर एटापल्ली किंवा भामरागडच्या मुलाने कोणाकडे जावे?

त्याच्याकरिता मॅटच पाहिजे असा आमचा आग्रह नाही. माती चाळावी, पाणी शिंपडावे, रूळ फिरवावा. जखम साबणाने धुता यावी म्हणून मैदानाजवळ पाणी असावे. धनुर्वाताचे जंतू मातीतच दबा धरून असतात, आणि त्यावरील लस शासनाच्या कार्यक्रमात १० व्या व १६ व्या वर्षी दिली जाते. संघ निवडताना मुलाची उंची, वजन, वय सारे टिपून घेतात. त्याच कागदावर या लशीचा एक रकाना वाढविण्यास काही खर्च येत नाही.